मिलानचें सुट्या घटकांचें फर्निचर व त्याचें चित्रकलेंतील मूळ

(१)

इटलींतील मिलान नगरांत इ. स. १९६० ते १९७५ च्या सुमारास जें मॉड्युलर म्हणजे सुट्या घटकांचें फर्निचर निर्माण झालें, तें आज युरोप-अमेरिकेंतील संग्राहकांच्या आदराचा व लिलावगृहांतील चढाओढीचा विषय होऊन राहिलें आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वींची वस्तु इतिहास-संशोधनाचा विषय कशी व्हावी, अशी शंका जुन्या कागदपत्रांत रमणाऱ्या वाचकांस येणें स्वाभाविक आहे. तथापि एखाद्या वस्तूचे निर्माते एकामागून एक दिवंगत होऊं लागले, तिच्या नव्या आवृत्त्या बाजारांत आल्या आणि अस्सल कोणती व मागाहूनची कोणती हा प्रश्न उपस्थित झाला, म्हणजे ती वस्तु संशोधकाच्या कक्षेंत आली असें समजण्यास हरकत नाहीं. या फर्निचरासंबंधानें या तिन्ही गोष्टी घडून आल्या आहेत.

हें फर्निचर प्लास्टिकच्या कारखान्यांतून व शहरांतील तोकड्या खोल्यांच्या गरजेंतून जन्मास आलें, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो कितपत साधार आहे याचा विचार करून दोन गोष्टी दाखविण्याचें येथें योजिलें आहे. पहिली ही कीं, या फर्निचराची मूळ कल्पना कारखानदारांची नसून मिलानच्या चित्रकारांची आहे. दुसरी ही कीं, हें मूळ ओळखलें म्हणजेच अशा वस्तूची अस्सलता कशावरून ठरवावी याचा उलगडा होतो. एरव्हीं होत नाहीं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. मॉड्युलर हा शब्द लॅटिन ‘मोदुलुस’ म्हणजे लहान माप यावरून आला. रोमन वास्तुशास्त्रज्ञ वित्रुव्हिअस यानें मंदिराचीं सर्व मापें ज्या एका मूलमापाच्या हिशेबानें द्यावयाचीं, त्या मापास हा शब्द योजिला असून तें तो स्तंभाच्या जाडीवरून घेतो. आजच्या इटालियन भाषेंत ‘मोदुलो’ या शब्दास आणखी एक अर्थ आहे: कचेरींतील छापील कोरा फॉर्म. रकाने छापणारानें ठरवावयाचे, मजकूर मात्र ज्याचा त्यानें भरावयाचा. या दुसऱ्या अर्थावर कोणताहि सिद्धान्त उभारण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्यांतील भाव वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

(२)

रूढ मताच्या बाजूनें पुरावा बराच आहे, व तो आधीं मांडणें न्याय्य होय. दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावानें मिलानची मोठी हानि झाली होती. युद्धानंतर घरें थोडीं, खोल्या लहान व पैसा तुटपुंजा अशी स्थिति होती. इ. स. १९४७ च्या आठव्या त्रिएन्नाले प्रदर्शनाचा मुख्य विषयच निवासाचा प्रश्न हा होता, आणि त्याचें दृश्य फळ म्हणून क्यू-टी-आठ नांवाची नमुन्याची वसाहत नगराच्या एका भागांत उभारण्यांत आली. इ. स. १९४९ सालीं जूलिओ कास्तेल्ली या रसायनज्ञानें कार्तेल ही प्लास्टिकच्या वस्तूंची कंपनी स्थापिली. इ. स. १९५४ सालीं मिलानच्या पॉलिटेक्निकमध्यें जूलिओ नात्ता यानें पॉलिप्रॉपिलीनचा शोध लाविला. मोंतेकातिनी कंपनीनें तें ‘मोप्लेन’ या नांवानें विकावयास आणिलें, आणि त्याच्या बादल्या व घमेलीं घरोघर पोंचलीं. नात्तास इ. स. १९६३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक जर्मन शास्त्रज्ञ त्सीग्लर याच्यासमवेत मिळालें. पुढें कास्तेल्लीची पत्नी आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी हिनें कार्तेलसाठीं ए-बी-एस प्लास्टिकच्या कप्प्यांची रचना केली. त्यांचें नांवच ‘कोंपोनीबिली’, म्हणजे जुळवितां येण्याजोगीं. एक कप्पा दुसऱ्यावर नुसता बसवावयाचा. स्क्रू नाहीं कीं खिळा नाहीं.

हा सर्व पुरावा खरा आहे. परंतु त्यावरून जें सिद्ध होतें तें इतकेंच कीं, असें फर्निचर करणें शक्य झालें होतें. शक्य झालेली गोष्ट अमुकच रूप कां घेते, याचें उत्तर त्यांत नाहीं. कागद सुलभ झाला म्हणून बखरी लिहिल्या गेल्या असें म्हटल्यासारखेंच तें होईल. प्लास्टिक हा असा पदार्थ आहे कीं, त्यास कोणतेंहि रूप देतां येतें. लांकडाच्या रेषा उमटवून जुन्या घाटाचें सामान त्यांतून काढतां येतें, आणि अनेक देशांतील कारखान्यांनीं तें काढिलेंहि. मिलानमध्यें मात्र त्याच पदार्थांतून ज्यांस कायमचा आकारच नाहीं अशीं आसनें निघालीं. हा फरक पदार्थानें पडलेला नाहीं. तो करणारांच्या विचारानें पडलेला आहे.

(३)

हा विचार कोठून आला तें पाहूं. इ. स. १९१५ च्या ११ मार्च रोजीं जाकोमो बाल्ला व फोर्तुनातो देपेरो या दोन भविष्यवादी चित्रकारांनीं ‘विश्वाची भविष्यवादी पुनर्रचना’ या नांवाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. कलेनें चौकटींतून बाहेर पडून रोजच्या वस्तूंत, वेषांत व मुलांच्या खेळण्यांतहि उतरावें, हें त्याचें सार होय. देपेरोनें इ. स. १९१९ सालीं रोव्हेरेतो या आपल्या गांवीं कलागृह काढून सामान, पडदे, खेळणीं बनविण्यास आरंभ केला. चित्रकारानें फर्निचरास हात घालण्याची वाट येथें मोकळी झाली. परंतु तें फर्निचर अद्याप पूर्ण, बांधीव असेंच होतें.

दुसरा टप्पा मिलानचा. तेथें इ. स. १९३० सालीं उघडलेल्या मिलिओने कलादालनांत अमूर्त चित्रकलेस आश्रय मिळाला, इ. स. १९३४ मध्यें कांदिन्स्कीचीं चित्रें तेथें मांडण्यांत आलीं. या दालनाच्या प्रारंभकाळांत त्याची सूत्रें ज्याच्या हातीं होतीं तो एदोआर्दो पेर्सिको हा कलासमीक्षक. त्यानें मार्चेल्लो निझ्झोली या चित्रकाराच्या सहकार्यानें त्याच सालीं मिलानच्या विमानविद्या-प्रदर्शनांतील सुवर्णपदकांचें दालन सजविलें. भिंतींस कांहीं न लावतां पांढऱ्या सळयांची एक हलकी जाळी त्यांनीं दालनभर उभी केली व तिच्या घरांत छायाचित्रें व मजकूर बसविला. चित्राची भूमि आतां भिंत राहिली नाहीं. ती अवकाशांतील चौकट झाली. फ्रांको आल्बिनी यानें इ. स. १९४० सालीं स्वतःच्या घरासाठीं ताणलेल्या तारांवर कांचेच्या फळ्या तोलून धरणारें ‘व्हेलिएरो’ म्हणजे शिडाचें जहाज या नांवाचें पुस्तकांचें कपाट केलें, त्यांत हीच दृष्टि फर्निचरांत उतरलेली दिसते.

तिसरा व आमच्या मतें निर्णायक दुवा म्हणजे ब्रूनो मुनारी (१९०७–१९९८). हा तरुणपणीं भविष्यवादी मंडळींत होता. इ. स. १९३३ पासून त्यानें ‘निरुपयोगी यंत्रें’ या नांवानें पुठ्ठ्याचे हलके तुकडे दोऱ्यानें टांगून ठेवण्यास आरंभ केला. वाऱ्याच्या झुळुकीसरशीं त्यांची मांडणी बदलते. चित्र एकच, पण त्याचा आकार क्षणोक्षणीं निराळा. इ. स. १९४८ सालीं आतानासिओ सोल्दाती, जिल्लो दोर्फ्लेस, जान्नी मोने व मुनारी या चौघांनीं मिलानमध्यें ‘मूर्तकला चळवळ’ स्थापिली. येथें मूर्त याचा अर्थ निसर्गाची नक्कल न करणारी, रंग व आकार हीच जिची वस्तु अशी कला, असा घ्यावयाचा. चित्रकला, वास्तुकला व उद्योग यांची सांगड घालणें हें या चळवळीचें एक ध्येय होतें. ती इ. स. १९५८ सालीं विराम पावली. परंतु तिचें बीज रुजलें होतें.

इ. स. १९५९ सालीं मिलानच्या कांहीं तरुणांनीं ‘ग्रुप्पो टी’ नांवाचा संघ काढिला. टी हें अक्षर ‘तेंपो’ म्हणजे काल या शब्दाचें आद्याक्षर होय. या संघांतील जान्नी कोलोम्बो (१९३७–१९९३) यानें त्याच सालीं ‘स्पंदनशील रचना’ केली. हलक्या पॉलिस्टायरिनचे ठोकळे शेजारीं शेजारीं बसवून विजेच्या यंत्रानें ते मागेंपुढें हलतील अशी तिची योजना आहे. पुढें इ. स. १९६२ च्या मे महिन्यांत मुनारीनें मिलानच्या व्हित्तोरिओ एमानुएले गॅलरींतील ओलिव्हेत्ती टाइपरायटर कंपनीच्या दुकानांत ‘आर्ते प्रोग्रामाता’ म्हणजे नियमबद्ध कला या नांवाचें प्रदर्शन भरविलें. ग्रुप्पो टीचे सभासद, पाडुआचा ग्रुप्पो एन, एंझो मारी व स्वतः मुनारी यांच्या कृति त्यांत होत्या. त्याच्या सूचिपत्रास उंबेर्तो एको यानें प्रस्तावना लिहिली, आणि त्याच सालीं एकोचा ‘ओपेरा आपेर्ता’ म्हणजे मोकळी कृति हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्त्यानें कृतीचा नियम द्यावा, अनेक रूपें त्या नियमांत संभवावीं व पाहणारानें त्यांतील एक सिद्ध करावें, हें या सर्व विचाराचें सूत्र होय. पहिल्या भागांतील कोऱ्या फॉर्मचा भाव तो हाच.

(४)

आतां फर्निचराकडे वळूं. जान्नीचा वडील बंधु चेझारे, ऊर्फ जो कोलोम्बो (जन्म ३० जुलै १९३०), हा ब्रेरा येथील कलाशाळेंत चित्रकला शिकला होता. एन्रीको बाय व सर्जो दांजेलो यांनीं इ. स. १९५१ सालीं काढिलेल्या ‘अण्वीय चित्रकला’ चळवळींत तो सामील झाला. नंतर त्यानें वास्तुविद्येचा अभ्यास केला आणि इ. स. १९६२ सालीं मिलानमध्यें स्वतःची कचेरी उघडली. त्याच सुमारास दोघां बंधूंनीं मिळून आक्रिलिका नांवाचा दिवा केला; त्यांत प्रकाश अक्रिलिकच्या एका जाड वांकविलेल्या पट्टींतून वाहत जातो. ठोकळे हलविणारा चित्रकार व आसनें जुळविणारा शिल्पी हे एकाच घरांतले व एकाच कृतीचे सहकर्ते होते, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं.

इ. स. १९६७-६८ मध्यें जो कोलोम्बोनें सोर्मानी कंपनीसाठीं ‘अॅडिशनल सिस्टिम’ रचिली. फोमच्या, ताणतां येणाऱ्या कापडानें मढविलेल्या, सहा निरनिराळ्या मापांच्या गाद्या तींत आहेत. त्या उभ्या धरून खालून धातूच्या जोडानें एकमेकींस अडकविल्या म्हणजे खुर्ची, कोच किंवा नुसती बैठक तयार होते. इ. स. १९६९ सालच्या फ्लेक्सफॉर्म कंपनीच्या ‘ट्यूब’ खुर्चींत लहानमोठ्या व्यासाच्या चार नळ्या असून त्या एकींत एक घालून पिशवींत भरून विकल्या जात. घरीं नेल्यावर पोलाद व रबर यांच्या पकडींनीं त्या मालकानें आपल्या मनाप्रमाणें जोडावयाच्या. या कल्पनेची परमावधि म्हणजे त्याचें संपूर्ण गृहसज्जा-युनिट: स्वयंपाक, कपाट, स्नानगृह व शय्या अशा चार घटकांत सबंध घर, आणि तेंहि अवघ्या २८ चौरस मीटरांत. हें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत एमिलिओ आंबास यानें इ. स. १९७२ सालीं भरविलेल्या इटालियन गृहसज्जेच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. परंतु कर्ता तें पाहण्यास नव्हता. इ. स. १९७१ च्या ३० जुलैस, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशींच, त्यास मृत्यु आला होता.

मुनारीनेंहि इ. स. १९७१ सालीं ‘आबिताकोलो’ रचिलें. पोलादी सळयांचा हा सांगाडा ५१ किलो वजनाचा असून मुलानें त्यांतच आपलें अंथरूण, मेज व फळ्या हव्या त्या उंचीवर लावावयाच्या. इ. स. १९७९ सालीं त्यास कोंपासो दोरो हें मानाचें पारितोषिक मिळालें. पुठ्ठ्याच्या टांगत्या तुकड्यांपासून या सांगाड्यापर्यंत अडतीस वर्षें एकाच मनुष्यानें एकच कल्पना कशी वाढविली, याचा हा सलग पुरावा होय.

मारियो बेल्लिनी हा मात्र वास्तुशिल्पी. चित्रकारांच्या चळवळींतून तो आलेला नव्हे. तरी इ. स. १९७० सालीं त्यानें सी-अँड-बी कंपनीसाठीं केलेल्या ‘कामालेओंदा’ कोचांत ९० सेंटीमीटर चौरस गाद्या, पाठी व हात हे तारा, आंकडे व कड्या यांनीं जोडिले जातात. नांव ‘कामालेओंते’ म्हणजे सरडा व ‘ओंदा’ म्हणजे लाट या दोन शब्दांचें. चित्रकारांची कल्पना एव्हांना नगराची सामाईक मिळकत झाली होती, असाच याचा अर्थ करावा लागतो.

(५)

येथें एक आक्षेप संभवतो. सुट्या घटकांचें सामान इटलीनेंच प्रथम केलें असें नाहीं. अमेरिकेंत ईम्स दांपत्यानें इ. स. १९५० सालीं व जर्मनींत डीटर राम्स यानें इ. स. १९६० सालीं जुळणीचीं कपाटें व फळ्या काढिल्या होत्या. मग मिलानच्या चित्रकारांस श्रेय कां द्यावें? उत्तर असें कीं, घटकांची कल्पना मिलानची आहे असा आमचा पक्षच नाहीं. राम्सच्या रचनेंत फळीची जागा बदलते, पण कपाट कपाटच राहतें. तिचें सौंदर्य सुव्यवस्थेंत आहे. कोलोम्बोच्या चार नळ्यांस मात्र जोडण्यापूर्वीं कोणतेंच रूप नाहीं, आणि जोडल्यावरहि तें शेवटचें नाहीं. वस्तु पूर्ण करण्याचें काम मालकाकडे सोंपविणें, हा जो विशेष, तो इ. स. १९६२ च्या प्रदर्शनांतील कृतींशीं जुळतो. कपाटांच्या परंपरेशीं जुळत नाहीं.

या विचाराचें टोंक एंझो मारी (१९३२–२०२०) यानें गांठलें. इ. स. १९५७ सालीं त्यानें एकाच लांकडी फळींतून सोळा प्राणी कापून काढिले होते; ते सुटे खेळण्यास यावेत व पुन्हा एकमेकांत बसून फळी पूर्ण व्हावी अशी त्यांची योजना. इ. स. १९७४ सालीं त्यानें वस्तु देणेंच सोडून दिलें. फळ्या व खिळे यांनीं घरींच करावयाच्या १९ वस्तूंचीं रेखाटनें त्यानें प्रसिद्ध केलीं, व कारखानदार आणि व्यापारी वगळून कोणासहि तीं वापरण्याची मुभा दिली. म्हणजे कर्त्याकडून निघाला तो केवळ पाठ. प्रत करणें हें ज्याचें त्याचें काम. हस्तलिखितांशीं परिचय असलेल्या वाचकांस ही पद्धति नवी वाटूं नये.

(६)

या विवेचनाचा व्यवहारांत उपयोग काय? संग्राहकासमोर जेव्हां असा एखादा कोच येतो, तेव्हां ‘याची मूळ मांडणी कोणती?’ असा प्रश्न तो विचारतो. आपल्या पोथ्यांचीं पानेंहि सुटींच असतात. परंतु त्यांवर पत्रांक असतो व त्यावरून मूळ क्रम लागतो. येथें पत्रांक नाहीं, आणि तो गहाळ झालेला नसून हेतुपुरस्सर घातलेलाच नाहीं. यास्तव मूळ मांडणीचा शोध येथें निरर्थक होय. विक्रीच्या जुन्या सूचिपत्रांतील छायाचित्र हें एक उदाहरण समजावें. आदर्श प्रत समजूं नये. तसेंच दोन निरनिराळ्या घरांतील घटक एकत्र आले म्हणजे ती भेसळ झाली असेंहि म्हणतां येत नाहीं. ते एकाच काळचे व एकाच कारखान्याचे असतील तर तसें होणें वस्तूच्या नियमांतच बसतें.

मग अस्सलता कोठें पहावी? जोडांत. कर्त्यानें जर एक कांहीं निश्चित केलें असेल तर तें म्हणजे घटक एकमेकांस कसे लागावे हें. आंकडे, कड्या, पकडी व घटकांचीं मापें हाच या वस्तूंचा मूळ पाठ होय. दुर्दैवानें नेमक्या याच बारीकसारीक वस्तु प्रथम हरवतात, कारण मालक त्यांस महत्त्व देत नाहीं. दुसरीकडे ज्या कापडावर व फोमवर संग्राहकाची नजर खिळते तेंच सर्वांत क्षणभंगुर. पॉलियुरेथेन फोम हवा व ओलावा यांनीं कांहीं दशकांत भुरभुरीत होऊन झडतो. ए-बी-एस प्लास्टिक उन्हानें पिवळें पडतें. म्हणून मढवणी बदललेली आहे एवढ्यावरून वस्तु बनावट ठरवूं नये, आणि मढवणी जुनी दिसते एवढ्यावरून ती अस्सलहि मानूं नये.

नव्या आवृत्त्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कामालेओंदा इ. स. २०२० सालीं मूळच्याच कंपनीनें, म्हणजे इ. स. १९७३ पासून बी-अँड-बी इतालिया म्हणविणाऱ्या कंपनीनें, पुन्हा बाजारांत आणिला. जो कोलोम्बोचा ‘बॉबी’ नांवाचा चाकांचा कप्पा इ. स. १९७० सालीं बिएफेप्लास्त कंपनीनें काढिला, इ. स. १९९९ पासून तो बी-लाइन कंपनी काढीत आली आहे. या नकला नव्हेत. अधिकृत प्रती आहेत. परंतु पन्नास वर्षांनंतर जुन्या व नव्या प्रतींची सरमिसळ झाली म्हणजे त्या वेगळ्या करणें कठीण जाईल. यास्तव ज्याच्या संग्रहांत अशी वस्तु असेल त्यानें आजच टिपण करून ठेवावें: घटक किती, जोड किती व कोणत्या धातूचे, तळाशीं छाप कोणता, मढवणी केव्हां व कोणी बदलली, वस्तु कोणत्या मांडणींत हातीं आली. सोबत खरेदीची पावती व जोडणीचा छापील कागद असल्यास तो वस्तूइतकाच जपावा. फोम झडून गेल्यावर बोलणारा साक्षीदार तोच राहणार आहे.

(७)

कागदाचें हें महत्त्व मारीनें ओळखलें होतें. त्यानें आपला संग्रह मिलान नगरपालिकेस अर्पण केला, पण तो चाळीस वर्षें खुला करूं नये अशी अट घातली. इ. स. २०२० च्या १९ आक्टोबर रोजीं त्याचा अंत झाला. तेव्हां या विषयाच्या पूर्ण इतिहासास लागणारीं कांहीं अव्वल दर्जाचीं साधनें पुढील पिढीच्याच हातीं पडावयाचीं आहेत. तोंवर उपलब्ध साधनांवरून निघणारा निष्कर्ष इतका कीं, कारखान्यानें या फर्निचरास देह दिला, परंतु त्याचा नियम चित्रकारांनीं घालून दिला. आणि तो नियम जोडांत आहे, आकारांत नाहीं. ज्या संग्राहकानें गाद्या राखिल्या व आंकडे टाकून दिले, त्यानें पोथीचें बासन ठेवून पानें वाऱ्यावर सोडलीं, असेंच म्हणावें लागेल.